प्रस्तावना : पाण्याला वाट हवी

मोटारीचे छप्पर उचलून बाजूला ठेवता यावे, ऊन-वारा थेट अंगावर घेता यावा आणि ढग दाटून आले की तेच छप्पर पुन्हा जागेवर बसवून कोरडे राहता यावे, ही इच्छा मोटारमालकांना फार पूर्वीपासून आहे. तिचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाने मात्र अभियंत्यांचा कस पाहिला आणि मालकांची सहनशक्तीही. टी-टॉप, टार्गा किंवा जीप रँग्लरसारख्या गाडीच्या सुट्या पॅनेलांमधून पाणी गळू लागले की सहसा दोन सल्ले मिळतात. एक सांगतो, अशी छपरे गळायचीच, सीटवर टॉवेल टाका. दुसरा सांगतो, सिलिकॉनची नळी आणा आणि फट बुजवून टाका. दोन्ही सल्ले एकाच समजुतीतून निघतात : छप्पर म्हणजे पाणी अडवणारी भिंत आणि गळती म्हणजे त्या भिंतीला पडलेले भोक. या पुस्तिकेची भूमिका वेगळी आहे. सुटे छप्पर मुख्यतः पाणी वाहून नेते. ते गळू लागते तेव्हा पाण्याच्या वाटेत अडथळा आलेला असतो, किंवा ती वाट घडवणारे भाग आपापल्या जागेवरून सरकलेले असतात. हा बिघाड शोधून काढला तर बहुतेक गळती थांबते. तो न शोधता केलेली दुरुस्ती पाण्याची फक्त जागा बदलते.

या म्हणण्याला पहिला आधार इतिहासाचा आहे. टी-टॉपची कल्पना अमेरिकेत गॉर्डन ब्युरिग यांनी मांडली. कॉर्ड ८१० सारख्या देखण्या गाडीचे हे रचनाकार. १९४८ साली त्यांनी टास्को नावाची नमुना गाडी तयार केली. तिच्या छपराच्या मधोमध एक दांडा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पॅनेले सुटी होती. या रचनेचे पेटंट त्यांना १९५१ साली मिळाले. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ टीआर-४ या गाडीला १९६१ पासून छपराचा मधला भाग काढता येईल अशी सोय मिळाली. १९६५ मध्ये पोर्शने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ टार्गा मांडली. सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून तिचे नाव ठेवले होते आणि प्रवाशांच्या डोक्यावरचे छप्पर सुटे व त्यांच्या मागे पोलादाची भक्कम कमान होती. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण १९६८ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचे आहे. या गाडीला अखंड एकच काढते पॅनेल द्यावे असा मूळ विचार होता. पण वरचा आधार गेल्यावर गाडीची चौकट पिळवटते, असे विकासाच्या काळात लक्षात आले. म्हणून पुढच्या काचेची चौकट आणि मागची कमान यांना जोडणारा दांडा मधोमध घालावा लागला आणि छपराचे दोन तुकडे झाले. १९८४ च्या नव्या कॉर्व्हेटमध्ये हा दांडा काढून टाकला, तेव्हा त्याची भरपाई म्हणून दाराखालच्या चौकटीच्या कडा उंच आणि जाड कराव्या लागल्या. त्या गाडीत चढताना पाय इतका उचलावा लागतो तो त्यामुळेच. तिचे छप्पर बोल्टने आवळावे लागते, कारण ते चौकटीच्या मजबुतीलाही हातभार लावते.

यातून निघणारी गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने कधी विसरू नये. सुट्या छपराच्या गाडीत छप्पर, चौकट, दार आणि काच हे वेगवेगळे विषय नसतात. साध्या गाडीत पत्र्याचे छप्पर चारही बाजूंनी खांबांना वेल्ड केलेले असते. गाडी खड्ड्यात गेली तरी छप्पर आणि खांब यांच्यात फट पडत नाही. सुट्या पॅनेलाच्या गाडीत तीच जोडरेषा मोकळी असते आणि प्रत्येक धक्क्याला तिथे सूक्ष्म हालचाल होते. ती हालचाल झेलण्याचे काम रबरी बीडिंगवर सोपवलेले असते. त्यात टी-टॉपच्या अनेक गाड्यांमध्ये दारांच्या काचांना वरची चौकट नसते. काच वर गेली की तिची कड थेट पॅनेलाच्या बीडिंगला टेकते. साहजिकच दाराची बिजागरी झिजून दार मागच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर खाली आले, तर काचही तेवढीच खाली येते आणि छपराशी तिची गाठ नीट पडत नाही. पाणी वरून येते म्हणून मालक छपराकडे पाहतो, आणि दोष बिजागरीत असतो. अशा गाडीचे छप्पर कितीही वेळा चिकटवले तरी ती गळतच राहणार.

दुसरा आधार पाण्याच्या स्वभावाचा. कोकणातल्या कौलारू घराचे छप्पर पाहिले तर त्यातले एकही कौल दुसऱ्याला चिकटवलेले नसते. उतार, एकावर एक येणारी कड आणि शेवटी पन्हळ, एवढ्यावर ते घर आषाढ-श्रावण काढते. आणि पावसाळ्याआधी शाकारणी करताना घरधनी सरकलेली कौले जागेवर आणतो, पन्हळीतला पाचोळा काढतो. सुट्या मोटारछपराची रचना याच तत्त्वावर उभी आहे. बीडिंगचा बाहेरचा ओठ पाण्याचा मोठा लोंढा बाहेरच्या बाहेर वळवतो. त्यातून जे थोडे पाणी आत शिरते ते आतल्या खोबणीत पडते आणि तिथून ठरावीक वाटेने किंवा नळीने खाली, गाडीबाहेर जाते. म्हणजे काही पाणी पहिल्या ओठाच्या आत येणार हे रचनाकाराने गृहीतच धरलेले असते. गळती सुरू होते ती खोबणी धूळ, पाने आणि जुन्या रबराच्या चुऱ्याने भरली की, किंवा नळी तुंबली की. सनरूफ असलेल्या गाड्यांतही हेच घडते. त्यांच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या नळ्या खांबांतून खाली जातात. त्या तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरात उतरते आणि दोष मात्र काचेच्या रबराला दिला जातो.

पाणी नुसते खाली वाहते असेही नाही. दोन स्वच्छ काचांमध्ये अर्धा मिलिमीटर फट असेल, तर केशाकर्षणाने पाणी जवळजवळ तीन सेंटिमीटर वर चढू शकते; फट जितकी अरुंद तितकी उंची जास्त. रबर पाण्याने सहज ओले होत नाही, म्हणून नव्या बीडिंगपाशी हा परिणाम कमी जाणवतो. पण त्यावर मातीचा आणि साबणाचा थर बसला की रबरही ओले धरू लागते आणि पाणी उलट्या दिशेने सरकायला लागते. वेगाचा परिणाम याहून मोठा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ४६० पास्कल होतो. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर तो सुमारे ४७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. वेग निम्मा केला की हा दाब एक चतुर्थांशावर येतो. याच वेळी छपरावरून वेगाने सरकणारी हवा पॅनेलाला वरच्या बाजूला ओढत असते, म्हणजे बीडिंगवरचा दाब नेमका तेव्हाच कमी होतो. म्हणून एखादी गाडी अंगणात रात्रभर पावसात उभी राहून कोरडी असते आणि द्रुतगती मार्गावर दहा मिनिटांत चालकाच्या गुडघ्यावर पाणी ठिबकते. तिथे भोक शोधत बसण्यात अर्थ नाही. पॅनेल पुरेसे घट्ट बसत नाही, हे त्याचे उत्तर असते.

गळतीची वेळ आणि स्थिती हीच तिची सर्वांत विश्वासू साक्ष आहे. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असतानाच पाणी येत असेल, तर पुढच्या कोपऱ्यातली वाट तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. वळणावर किंवा ब्रेक दाबताच एकदम घोटभर पाणी सांडत असेल, तर ते खोबणीत साचून राहिलेले पाणी आहे. फक्त वेगात ठिबकत असेल, तर दाब कमी पडतो आहे. पाऊस थांबल्यावर तासाभराने थेंब पडत असतील, तर पाणी कुठेतरी अस्तरात मुरले आहे आणि आत येण्याची जागा दिसणाऱ्या ओलीपासून बरीच दूर आहे. ही शेवटची गोष्ट फार लोकांना फसवते. अस्तर, खांबांची आतली आवरणे आणि वायरींचे जुडगे यांच्या आधाराने पाणी दोन-दोन फूट प्रवास करते. ते डाव्या पायापाशी साचले म्हणजे डावीकडूनच आले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणून या पुस्तिकेत दुरुस्तीच्या आधी तपासणीला भरपूर जागा दिली आहे. तपासणीची साधने महाग नाहीत. बीडिंगवर खडू फिरवून पॅनेल बसवायचे आणि पुन्हा उचलून पाहायचे : जिथे खडूची रेघ समोरच्या कडेवर उमटली नाही, तिथे स्पर्शच होत नाही. कागदाची पट्टी मध्ये धरून पॅनेल आवळायचे आणि ती ओढून पाहायची : जिथे ती सहज निघते, तिथे पकड ढिली आहे. काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून जोडांवर साबणाचे पाणी लावले, तर हवा निसटते तिथे फुगे येतात. सर्वांत शेवटी पाण्याची चाचणी. एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून मंद धारेचा पाइप धरतो. पाणी खालच्या जोडापासून सुरू करायचे, तिथे काही मिनिटे थांबायचे आणि मग वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळ्या जोडांवरून वाहते आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशरची धार या कामाला पूर्ण वर्ज्य. पावसात कधीही न गळणारा जोडही ती धार फोडते, आणि मग नसलेल्या दोषाची दुरुस्ती सुरू होते.

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात त्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे : सिलिकॉनने गळती थांबते, स्वस्तात थांबते, मग इतका खटाटोप कशाला? काही वेळा ती थांबते हे खरे. पण हलणाऱ्या जोडावर भरलेले सिलिकॉन त्या हालचालीबरोबर फाटते, आणि काढते पॅनेल त्याने चिकटून बसले तर गाडीचा मूळ गुणच नाहीसा होतो. त्याहून वाईट म्हणजे ते खोबणीत किंवा निचऱ्याच्या छिद्रात गेले तर आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला जागाच उरत नाही. सुकताना व्हिनेगरसारखा वास देणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल सुटते आणि उघड्या पत्र्याला ते गंजवते. शिवाय जिथे सिलिकॉन एकदा लागले तिथे पुढे रंग नीट धरत नाही, हे कोणताही पेंटर सांगेल. सीलंटला जागाच नाही असे मात्र मी म्हणत नाही. दोन बीडिंग कोपऱ्यात जिथे भेटतात, पुढच्या काचेच्या चौकटीचे जे सांधे कायम जोडलेले असतात, तिथे योग्य प्रकारचे सीलंट हवेच. नियम एवढाच : जे उघडायचे आहे ते चिकटवू नये, आणि जिथून पाणी बाहेर पडायचे आहे ते बुजवू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रबर म्हातारे होते. मग सरळ नवे बीडिंग का लावू नये? बहुतेक आधुनिक बीडिंग ईपीडीएम या रबराचे असते. ऊन आणि ओझोन ते चांगले सोसते, पण वर्षानुवर्षे दाबाखाली आणि उष्णतेत राहिले की चपटे होते आणि परत फुगत नाही. असे बीडिंग बदललेच पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न क्रमाचा आहे. दार लटकलेले असताना, काच तिरकी असताना किंवा पॅनेल आवळून धरणारा खटका झिजलेला असताना नवे बीडिंग लावले, तर ते चुकीच्या जागी दाबले जाते आणि काही महिन्यांत तसेच विकृत होते. नवे रबर जाड आणि ताठ असते. पॅनेल त्यावर किंचित वर बसते, मालक खटका जोराने आवळतो आणि काचेच्या किंवा फायबरच्या पॅनेलावर ताण येतो. जुन्या गाड्यांचे मूळ बीडिंग मिळेनासे झाले की बाजारातल्या प्रतिकृती घ्याव्या लागतात, आणि त्यांच्या स्पंजाचा मऊपणा मूळ मालासारखा असेलच असे नाही. म्हणून आधी सफाई, मग निचरा, मग दार-काच-पॅनेल यांची बसणी, मग खटक्यांचा दाब आणि त्यानंतर बीडिंग, हा क्रम या पुस्तिकेत सर्वत्र पाळला आहे. रबर जपण्यासाठी सिलिकॉनचे ग्रीस वापरावे. पेट्रोलियम जेली आणि खनिज तेलाचे ग्रीस ईपीडीएमला फुगवते आणि कमकुवत करते. हाताशी आहे म्हणून ते लावू नये.

तिसरा आक्षेप असा की दोष मुळात रचनेचाच आहे, मालकाने कितीही कष्ट घेतले तरी उपयोग नाही. यात तथ्याचा अंश आहे. सत्तरच्या दशकातल्या पाँटिअॅक फायरबर्डचे उदाहरण पाहा. १९७६ मध्ये तिला बाहेरच्या कंपनीची पॅनेले बसवली जात होती आणि ती गळण्यासाठी बदनाम झाली. १९७८ मध्ये जनरल मोटर्सने आपल्याच फिशर विभागाची, आकाराने मोठी पॅनेले आणली. म्हणजे रचना सुधारता येते, आणि ती सुधारावी लागली हेही खरे. पण रचना कितीही काठावरची असली तरी तिच्या मर्यादेत पॅनेल नीट बसवणे, पाण्याची वाट मोकळी ठेवणे आणि निर्मात्याने नंतर सुधारून दिलेला भाग वापरणे हे आपल्या हातात असते. एकाच वर्षाच्या, एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांपैकी एक कोरडी आणि एक ओली असेल, तर त्यांच्यातला फरक रचनेने नव्हे, बसणीने आणि निगराणीने पडलेला असतो.

चौथा आक्षेप हा की अशा गाड्या हौसेच्या, उन्हाळ्यात बाहेर काढायच्या. थोडे गळले तर काय बिघडले? टी-टॉप जिथे बहरले त्या दक्षिण कॅलिफोर्नियात हे बोलणे कदाचित खपून जाईल. लॉस एंजेलिसमध्ये वर्षभरात सरासरी ४०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. आणि हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. २००७ च्या मॉडेलपासून जीप रँग्लरला तीन तुकड्यांचे काढते कडक छप्पर मिळू लागले : पुढे दोन सुटी पॅनेले आणि मागे मोठा भाग. २०२१ पासून ही गाडी पुण्याजवळच्या रांजणगावात जुळवली जाऊ लागली. सह्याद्रीच्या घाटांतला पाऊस नुसता वरून पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा तो आडवा मारतो, आणि आठवडाभर उघडीप नसली की ओले झालेले गालिचे वाळतच नाहीत. गालिच्याखालचा फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. ओल एक-दोन दिवसांत निघाली नाही तर बुरशी धरते, तळाचा पत्रा आतून गंजू लागतो, आणि सीटखाली असलेले वायरींचे जोड व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हळूहळू बिघडतात. तो बिघाड समोर येतो तेव्हा पावसाळा कधीच संपलेला असतो आणि त्याचा गळतीशी संबंध कुणी लावत नाही. थोडी गळती ही म्हणूनच लहान गोष्ट नाही.

शेवटचा आक्षेप गॅरेजवाल्यांचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. शोधण्याच्या वेळेचे पैसे ग्राहक देत नाही. बीडिंग बदलले की बिल दाखवता येते, दोन तास खडू आणि पाणी घेऊन घालवले तर दाखवायला काहीच नसते. ही अडचण खरी आहे आणि तिची जबाबदारी मालकांवरही आहे. निदानाची किंमत देण्याची तयारी नसेल, तर कारागीर अंदाजावर भाग बदलत जाणार आणि शेवटी त्याचा खर्च आपल्याच खिशातून जाणार. ही पुस्तिका म्हणून मालक आणि मेकॅनिक या दोघांसाठी लिहिली आहे. मालकाने पहिली निरीक्षणे स्वतः करावीत : पाणी कधी येते, गाडी कशी उभी होती, वेग किती होता, पॅनेले निर्मात्याने सांगितलेल्या क्रमाने बसवली होती का. हा क्रम अनेकदा दुर्लक्षिला जातो. एका पॅनेलाची कड दुसऱ्यावर येते अशी रचना असेल, तर उलट क्रमाने बसवलेले छप्पर दिसायला बंद आणि प्रत्यक्षात उघडेच राहते. एवढी नोंद घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली, तर कारागिराचे निम्मे काम झालेले असते.

पुढची प्रकरणे याच क्रमाने रचली आहेत : आधी रचनांचे प्रकार, मग तपासणी, मग सफाई आणि निचरा, मग बसणी, मग बीडिंग आणि शेवटी पावसाळ्यापूर्वीची वार्षिक निगा. वाचकाने आपल्या गाडीचे प्रकरण थेट उघडले तरी चालेल, पण तपासणीचे प्रकरण कुणीही गाळू नये. दुरुस्ती झाली असे कधी म्हणायचे, याची एक कसोटी या पुस्तिकेने सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरली आहे. एका पावसात गाडी कोरडी राहिली म्हणजे दुरुस्ती झाली, असे नाही. वाऱ्याची दिशा बदलली असेल, गाडी वेगळ्या उतारावर उभी असेल. पाणी कुठून आत येत होते, कुठल्या वाटेने जायला हवे होते आणि त्या वाटेत काय बिघडले होते, या तीन प्रश्नांची उत्तरे सांगता आली, आणि ती उत्तरे पाइपच्या धारेखाली पुन्हा पडताळून पाहता आली, तरच काम संपले असे समजावे. ती उत्तरे मिळेपर्यंत हातातली सिलिकॉनची नळी बाजूला ठेवावी, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.